थेंब न सांडणारी गळती

साखरपा मागं पडलं की आंबा घाटाचा चढ सुरू होतो. एप्रिलमधली रात्र, हौद्यात हापूसच्या पेट्या, पहाटेपर्यंत कोल्हापूरचं मार्केट गाठायचं, आणि दोन-तीन वळणं झाली की गाडी दम खाते. बंद पडत नाही. ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला असतो, तरी क्षण-दोन क्षण इंजिनाला त्याचा पत्ताच नसतो. मग एक झटका, पुन्हा ओढ, पुन्हा दम. पाली, नाणीजपर्यंत हीच गाडी शहाण्यासारखी आलेली असते. रिकामी असली तर घाटसुद्धा चढते.

या एका दुखण्यापायी मी दोन हंगाम घालवले आणि जुन्या डिझेल इंजिनाच्या प्रेमात पडलो. माझी पिकअप चार सिलेंडरची, अडीच लिटरची, मेकॅनिकल पंपाची. तिला ना सेन्सर ना कॉम्प्युटर, त्यामुळे स्कॅनर लावून रोग कळायची सोय नाही. जे काही कळतं ते डोळ्यांनी, कानांनी आणि धुरावरून.

थोडा इतिहास सांगायला हवा. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला यशस्वी झालं. त्यात इंधन सिलेंडरमध्ये ढकलायला दाबलेली हवा लागे, त्यामुळे सोबत कॉम्प्रेसर बाळगावा लागे. बॉशने १९२७ पासून इंधन-पंपाचं मोठं उत्पादन सुरू केलं आणि डिझेल इंजिन ट्रकमध्ये मावेल एवढं सुटसुटीत झालं. १९५१ साली बंगळूरला असे पंप बनवणारी मायको कंपनी निघाली. आजही जुने मिस्त्री अशा पंपाला सरळ ‘मायकोचा पंप’ म्हणतात. इतिहास एवढा पुरे, कारण मला सांगायचं आहे ते टाकी आणि पंप यांच्यामधल्या नळीबद्दल.

त्याआधी पंपाचं काम किती नाजूक असतं ते पाहू. पूर्ण भारावर अशा इंजिनाच्या एका सिलेंडरला एका वेळी जेमतेम तीस-पस्तीस घनमिलिमीटर डिझेल लागतं, म्हणजे एक-दोन थेंब. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर हे माप प्रत्येक सिलेंडरला मिनिटात १००० वेळा पडतं. थेट फवाऱ्याच्या जुन्या इंजिनात साधारण २०० बारच्या आसपास दाब चढल्याशिवाय नोझल उघडत नाही. पंपातला एलिमेंट, म्हणजे डिझेल दाबणारा दट्ट्या, आणि त्याचं घर यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते. केस सत्तर मायक्रॉनचा धरला, तर त्याच्या कितव्या हिश्शाची फट ही! या फटीत डिझेलच वंगणाचं काम करतं. आता डिझेलसोबत हवेचा एक बुडबुडा आत आला असं समजा. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. एलिमेंट वर येतो, बुडबुडा चेपतो, दाब २०० बारपर्यंत पोचतच नाही, नोझल मिटलेलंच राहतं आणि तो ठोका फुकट जातो. असे दहा-बारा ठोके एकापाठोपाठ फुकट गेले की ड्रायव्हर म्हणतो, गाडी मिसिंग मारते.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. पहिल्या हंगामात एका वर्कशॉपमध्ये पंप उतरवला, टेस्ट बेंचवर कॅलिब्रेशन करून घेतलं, चारही नोझल नवी टाकली. पैसे गेले, दुखणं राहिलं. दुसऱ्या हंगामात घाटाच्या पायथ्याशी एका वयस्कर मिस्त्रींची गाठ पडली. त्यांनी बॉनेट उघडण्याआधीच विचारलं, “दम खाते तेव्हा धूर कसला मारते?”

“धूर मारतच नाही, मामा.”

“मग पंप कशाला खोललात?”

त्या एका प्रश्नाने माझी विचार करायची दिशाच बदलली. काळा धूर म्हणजे डिझेल येतंय, पण जाळायला हवा पुरत नाही: एअर फिल्टर तुंबलाय किंवा नोझल फवारा न मारता धार सोडतंय. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय: टायमिंग मागे पडलंय किंवा कॉम्प्रेशन बसलंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. आणि गाडी दम खाते पण धूर काहीच नाही, याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच असतो: डिझेल पोचतच नाही. गाडी उपाशी आहे. धूर आहे की नाही हे रिव्हर्स घेताना दिसणार नाही, भरलेल्या गाडीत चढावर आरसा बघत बसायला हवं. मी तर कोणालाही आधी हेच करायला सांगतो.

उपाशी का, याची कारणं तशी मोजकीच आहेत. डिझेल फिल्टर तुंबला असेल तर गाडी सकाळी एका दमात सुरू होते आणि भार पडला की हळूहळू मावळते. टाकीतल्या जाळीवर गाळ बसला असेल तर वीस-पंचवीस किलोमीटरवर दम तुटतो, दहा मिनिटं थांबलं की गाळ खाली बसतो आणि गाडी पुन्हा ठणठणीत. टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक बुजलं असेल तर झाकण उघडताच सुस्कारा ऐकू येतो. कोकणात आणखी एक गोष्ट: पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी उभी केली की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाला साचतं, म्हणून जूनमध्ये मी टाकी काठोकाठ भरून ठेवतो. काही जुन्या छोट्या इंजिनांच्या पंपावर गव्हर्नरचा चामडी पडदा असतो. तो फाटला की इंजिन झोके घेतं, पण तो आवाजच वेगळा.

आता ती नळी. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीवर चालते. फीड पंप टाकीतून डिझेल खेचून मुख्य पंपाकडे देतो, म्हणजे नळीच्या आत बाहेरच्यापेक्षा कमी दाब. तिथे बारीक फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. टपकत नाही, ओल दिसत नाही, वास येत नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की तीच हवा नळीतलं डिझेल मागे टाकीत उतरवते, म्हणून सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो किंवा हँड प्रायमर दाबत बसावं लागतं. माझ्या गाडीची ही खूण मी दोन वर्षं बॅटरीच्या खात्यावर मांडत होतो.

आणि घाटातच का? टाकी फीड पंपाच्या दीड-दोन मीटर मागे. पंधरा मीटरला एक मीटर चढ धरला, तर टाकी पंपापेक्षा आणखी दहा-बारा सेंटिमीटर खाली जाते. ओढ वाढते. त्यात भार असल्याने डिझेल जास्त लागतं, ओढ आणखी वाढते. सपाटीला मिटून राहणारी फट इथे तोंड उघडते. टाकी पावाखाली असेल तर डिझेल मागे सरकून नळीचं तोंडच उघडं पडू शकतं, ते आणखी वेगळं.

मामांनी फीड पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन रेस केलं. पिवळसर डिझेलमधून साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक येताना दिसले. दोन वर्षांचा त्रास असा डोळ्यांसमोर धावताना बघून मी अक्षरशः गप्प झालो. मग तीच नळी त्यांनी टाकीच्या तोंडाशी लावली. तिथे एकही बुडबुडा नाही. म्हणजे फट मधेच कुठेतरी. आता त्यांनी टाकीकडचं टोक सुटं केलं, कॅनमध्ये डिझेल भरून तो केबिनच्या टपावर ठेवला आणि तिथून नळी जोडली. कॅन उंच, त्यामुळे नळीत ओढीऐवजी दाब. जी फट आत हवा घेत होती, ती आता बाहेर डिझेल सोडणार! पाच मिनिटांत चॅसीच्या आडव्या पट्टीवर, रबरी नळीच्या क्लिपखाली एक ओला ठिपका उमटला. रबर आतून कडक होऊन चिरलेलं होतं. क्लिप आवळून उपयोग नव्हता, तुकडाच बदलला, बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे टाकले, फिल्टरचा स्क्रू ढिला करून प्रायमरने एअर काढली. खर्च म्हणावा असा काही झालाच नाही.

नोझलचा संशय असेल तर तो पडताळायची रीतही त्यांनीच दाखवली. इंजिन आयडलवर ठेवून एकेका नोझलचा युनियन नट थोडाच ढिला करायचा, वर कापड धरायचं. ज्याचा नट ढिला केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलेंडर मुळात काम करत नाही. बाहेर काढलेल्या नोझलच्या फवाऱ्यासमोर मात्र हात कधीही नेऊ नये. तो फवारा कातडीत घुसतो, जखम टाचणीएवढी दिसते, आणि तरीही लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं.

पारदर्शक नळीचा तो तुकडा मी डॅशबोर्डच्या खणात ठेवतो. काही जण ती कायमची लावून टाकतात, ते करू नये. साधी प्लॅस्टिकची नळी डिझेलने काही महिन्यांत ताठरते, तोंडाशी तडकते आणि नवी फट तयार होते. तपासणीपुरती लावायची, काढायची, रबरी नळी परत बसवायची. मार्चअखेरीस, पहिली पेटी हौद्यात चढण्याआधी, मी ती एकदा लावतोच.