एमएस्सीनंतरची वाट प्रयोगशाळेतूनच जाते

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुमारे ६,००० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. तेव्हापासून भौतिकशास्त्राच्या एमएस्सीची मुलं भेटली की एकच विचारतात, ‘सर, यात शिरायचं कसं?’

परीक्षांचं सगळ्यांना ठाऊक आहे: नेट, गेट, जेस्ट, टीआयएफआरची स्वतःची प्रवेशपरीक्षा, मग मुलाखत, जेआरएफचे महिना ३७,००० रुपये आणि पाच-सहा वर्षांची पीएचडी. जागाही लांब नाहीत. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये अतिवाहक क्यूबिटांवर काम चालतं, पुण्याच्या आयसरमध्ये लेझरने थंड केलेल्या अणूंवर, आणि मिशनचं संवेदन व मापनाचं केंद्र पवईच्या आयआयटीकडे आहे. खरा प्रश्न वेगळा आहे: तिथे पोचणारा विद्यार्थी हातात काय घेऊन जातो?

आमच्याच क्षेत्रातली काही मंडळी व्यासपीठांवरून सांगतात की आता प्रोग्रॅमिंग आलं की भागतं, यंत्रं विकत मिळतील. मला हे मुळीच मान्य नाही. २०२५चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या कामाला मिळालं, ते १९८४-८५ मध्ये बर्कलेला झालं. जॉन क्लार्क मार्गदर्शक, मिशेल देव्होरे पोस्टडॉक आणि जॉन मार्टिनिस पीएचडीचा विद्यार्थी. हातात धरता येईल एवढ्या विद्युत मंडलातही ऊर्जा ठरावीक पायऱ्यांनीच बदलते, हे त्यांना दाखवायचं होतं. अडचण गोंगाटाची होती. खोलीच्या तापमानातल्या उपकरणांमधून तारांवाटे सूक्ष्मलहरी खाली उतरत आणि नाजूक परिणाम झाकून टाकत. त्यांनी तांब्याच्या भुकटीने भरलेल्या नळीतून बारीक तारेचं वेटोळं नेलं. भुकटीच्या असंख्य कणांचा मिळून होणारा प्रचंड पृष्ठभाग तो गोंगाट शोषून घेतो. आजच्या क्यूबिटांची वंशावळ या कामापर्यंत पोचते, आणि त्यात एका विद्यार्थ्याचे हात होते.

एमएस्सीच्या प्रकल्पात रुबिडियमचा प्रयोग हवा, असा आग्रह मी विभागात वर्षानुवर्षं धरला तो याचसाठी. काचनळीत रुबिडियमची वाफ, ७८० नॅनोमीटरचा डायोड लेझर आणि ऑसिलोस्कोप. पडद्यावर आधी एक रुंद खळगा दिसतो; वाफेतले अणू सैरावैरा धावत असतात, त्याचा तो परिणाम. मग त्याच लेझरचा दुसरा किरण उलट दिशेने पहिल्याशी तंतोतंत जुळवायचा. आरसा केसभर फिरला तरी बिनसतं. जुळला की खळग्यात बारीक, टोकदार शिखरं उभी राहतात. नांदेडकडून आलेल्या एका विद्यार्थिनीला ती शिखरं दिसली, तेव्हा ती संध्याकाळ उलटून गेली तरी जागची हलली नाही. खोलीचं तापमान बदललं की लेझर का भरकटतो आणि त्याला शिखरावर कसं बांधून ठेवायचं, हे तिने स्वतः शोधून काढलं. अणू थंड करून सापळ्यात धरण्याची पहिली पायरी नेमकी हीच. पीएचडीला गेल्यावर तिला हे नव्याने शिकावं लागलं नाही.

आज बऱ्याच महाविद्यालयांत काय दिसतं? बंद पेटीतले तयार संच, दोन बटणं आणि गेल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेली निरीक्षणं. प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाला की ती जागा भरली जात नाही. लेथ चालवणारा, व्हॅक्यूमची गळती शोधणारा माणूस तर हुडकूनही सापडत नाही. ही ऱ्हासाची गोष्ट मला मनापासून बोचते, कारण मुलं आजही तितकीच हुशार आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणाने एमएस्सीत संशोधन प्रकल्प आणला, हे चांगलं झालं. पण तो संगणकावर उरकू देऊ नका. प्रत्येक विद्यापीठाने निदान एक प्रकाशीय टेबल, एक लेझर आणि एक कायम सहायक द्यावा, आणि संध्याकाळी प्रयोगशाळा उघडी ठेवावी. मिशनच्या कोट्यवधींपुढे हा खर्च किरकोळ आहे. तो केला नाही, तर महागडी यंत्रं येतील आणि त्यांना हात लावायला आपल्याकडे माणूस नसेल.