रंगात आलेला खेळ का थांबतो?

दिवाळी सरली, धानाची कापणी आटोपू लागली, की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गावोगावी नाटकांचे दिवस येतात. देसाईगंज-वडसा येथील नाटक मंडळ्या आपला सारा सरंजाम गाडीत घालून येतात व रात्रभर प्रयोग चालतो. मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी हे प्रयोग पाहिले असतील. परंतु पडद्यामागे काय असते, हे थोड्यांनीच निरखून पाहिले असेल. तेथे पेट्याच पेट्या असतात. पडदे, पोशाख, तलवारी, मुकुट असे कितीतरी सामान त्यांत भरलेले असते. मंचावर मात्र एका वेळी त्यातील थोडेच येते. राजवाड्याचा प्रवेश असेल तर सिंहासन येते. तो संपला की सिंहासन आत जाते आणि खाट बाहेर येते. साऱ्या पेट्या एकदम मंचावर उपड्या केल्या, तर नटांना उभे राहावयास जागा उरणार नाही व रंगात आलेला खेळ थांबेल.

संगणकाचेही असेच आहे. त्याच्या हार्ड डिस्कमध्ये सर्व माहिती साठविलेली असते. वीज गेली तरी ती तेथे राहते. ह्या झाल्या पेट्या. प्रत्यक्ष काम चालते ते रॅम नावाच्या स्मृतीत. हा झाला रंगमंच. संगणक बंद केला की हा मंच रिकामा होतो. पेट्या कितीही मोठ्या असल्या, तरी मंच लहान असेल तर मोठा प्रवेश त्यावर उभा राहू शकत नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात न आल्यामुळे आमच्या घरी काय घडले, ते सांगतो.

माझ्या नातवाला त्याच्या मामाने आपला जुना संगणक दिला. त्याची रॅम ४ जीबी होती. त्यावर तो मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ खेळू लागला. मोटार रानातून सुरळीत धावे. पण मोठ्या शहरात शिरताच चित्र अडखळे, पडदा काळा होई आणि खेळ आपोआप बंद पडे. नातू कधी संगणकावर चापट मारी, कधी खेळ पुसून पुन्हा भरी. उपयोग काहीच होत नसे. शेवटी एक कारागीर बोलाविला. त्याने पाच मिनिटांत सांगून टाकले, "यंत्र निकामी झाले आहे, नवे घ्या." धानाचे पैसे नुकतेच हाती आले होते, परंतु त्यांतून थोरल्या नातीच्या वसतिगृहाचे शुल्क भरावयाचे होते. नातवाचे डोळे पाण्याने भरले. मी त्याला म्हटले, "बाळ, आधी रोग ओळखू, औषधाचे मग पाहू."

आम्ही एक वही घेतली. खेळ कोठे व किती वेळाने थांबतो, ते पाच वेळा टिपले. पाचही वेळा तो शहरातच थांबला. उन्हाळ्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा तापल्यामुळेही संगणक बंद पडू शकतो. परंतु आमचे दिवस हिवाळ्याचे होते, आणि संगणक नव्हे, केवळ खेळ बंद पडत होता. मग खेळाची माहिती वाचली. त्याला निदान ४ जीबी रॅम हवी, असे तीत लिहिले होते. "म्हणजे पुरेशी आहे की!" नातू म्हणाला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकत्र दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात पाहिले तो काय! खेळ सुरू होण्यापूर्वीच सुमारे अडीच जीबी जागा इतर कामांनी अडविली होती. शिवाय त्या संगणकात चित्रांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड नव्हते. असे कार्ड असेल तर त्याला स्वतःची स्मृती असते. नसेल तर चित्रांसाठीही जागा ह्याच रॅममधून घ्यावी लागते.

आता चित्रे किती जागा खातात, हे पाहू. खेळातील भिंती, रस्ते, झाडे ह्यांच्यावर रंगीत चित्रांचे आवरण असते. त्याला टेक्स्चर म्हणतात. नाटकाच्या रंगविलेल्या पडद्यासारखेच ते समजा. हे चित्र लहान लहान बिंदूंचे बनते. साध्या रीतीने साठविल्यास एका बिंदूला ४ बाइट लागतात. चित्राच्या प्रत्येक बाजूस ४०९६ बिंदू असतील, तर त्या एका चित्रास ६४ एमबी जागा लागते. बाजूस २०४८ बिंदू ठेवले, तर लागतात अवघे १६ एमबी. बाजू निम्मी होताच जागा चौथाईवर येते! खेळात ही चित्रे दाबून लहान करून ठेवतात, तरी हे प्रमाण तसेच राहते. रानात तीच ती झाडे पुन्हा पुन्हा येत होती. शहरात मात्र प्रत्येक इमारत निराळी. म्हणून मंच तेथेच भरत होता.

मंच भरला म्हणजे संगणक काही सामान हार्ड डिस्कवरील राखीव जागेत ठेवतो व लागेल तेव्हा परत आणतो. ही ने-आण फार मंद असते. म्हणून चित्र अडखळते. ती राखीव जागाही संपली, तर खेळाला मागितलेली जागा मिळत नाही आणि तो मोडतो. आमच्या संगणकाची हार्ड डिस्क चित्रपटांनी काठोकाठ भरलेली होती.

रोग कळला, औषध सोपे होते. एका वेळी एकच बदल करावयाचा व परिणाम वहीत लिहावयाचा, असा नियम आम्ही केला. प्रथम इतर सर्व खिडक्या बंद केल्या. नंतर नको असलेले चित्रपट पुसून हार्ड डिस्कवर जागा केली. अडखळणे कमी झाले. पण खेळ एकदा मोडलाच. मग खेळाच्या ग्राफिक्समध्ये टेक्स्चरचा दर्जा 'उच्च' होता, तो 'मध्यम' केला. मोटार शहर ओलांडून पुढे गेली! शेवटी सावल्यांचा दर्जा उतरविला आणि पडद्यावरील बिंदू १९२० गुणिले १०८० ऐवजी १२८० गुणिले ७२० केले. बिंदू निम्म्याहून कमी झाले व खेळ वेगाने चालू लागला. इमारतींच्या विटा थोड्या पुसट दिसत होत्या, एवढेच. नातीचे शुल्क वेळेवर भरले गेले. पुढे सवडीने ४ जीबीची आणखी एक रॅमपट्टी आम्ही जाणत्या माणसाकडून बसवून घेतली.

हा उपाय केवळ खेळापुरता नाही. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरत असता त्याचा संगणक १२०२ ह्या अंकाने धोक्याचा इशारा देऊ लागला. त्याची कामाची स्मृती अवघी २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ४ केबी होती. ८ जीबी रॅम तिच्या सुमारे २१ लक्ष पट भरते. एका रडारकडून अनावश्यक संकेत येत राहिल्याने कामे तुंबली व त्यांना जागा पुरेना. परंतु अशा वेळी काय करावयाचे, हे त्याची आज्ञावली रचणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. संगणकाने कमी महत्त्वाची कामे बाजूस सारली, यान उतरविण्याचे मुख्य काम चालू ठेवले, आणि यान सुखरूप चंद्रावर टेकले.

तेव्हा मुलांनो, एखादे यंत्र अडले तर त्यावर रागावू नका व लगेच ते टाकूनही देऊ नका. त्याची शक्ती किती आणि आपण त्याच्यावर भार किती घातला, हे आधी वहीत मांडून पाहा. लहान मंचावरही उत्तम नाटक होते. कोणते सामान पेटीतच ठेवावयाचे, एवढे मात्र कळले पाहिजे.