हायपरव्हायझर आणि त्याचे गेस्ट

एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायझर म्हणतात आणि त्यावरच्या प्रत्येक आभासी संगणकाला गेस्ट. पनवेलच्या हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत २०२० साली योट्टा कंपनीचे डेटा सेंटर सुरू झाले. अशा केंद्रांत एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहकांचे गेस्ट शेजारी शेजारी चालू शकतात आणि एकाला दुसऱ्याची खबर नसते.

हे साधणे सोपे नव्हते. ऑपरेटिंग सिस्टिम सगळे यंत्र आपलेच आहे असे धरून चालते. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर १९७२ सालीच व्हीएम/३७० ही प्रणाली आली होती. पण इंटेल घराण्याच्या प्रोसेसरवर काही आज्ञा अधिकार नसताना दिल्या, तर हायपरव्हायझरला सूचना न मिळता त्या चुपचाप वेगळेच काम करत. केंब्रिज विद्यापीठात तयार झालेल्या झेनने २००३ मध्ये यावर धाडसी उपाय काढला: गेस्टलाच बदलायचे. त्याचा कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, अशा आज्ञा थेट न देता हायपरव्हायझरकडे विनंती करतो. हा पॅराव्हर्च्युअल, म्हणजे पीव्ही गेस्ट. वेग उत्तम, मात्र कर्नेल बदलण्याची मुभा हवी. लिनक्सला ती होती, बाजारात मिळणाऱ्या विंडोजला नव्हती.

२००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय दिली आणि एचव्हीएम गेस्ट शक्य झाला. आता विंडोज काहीही न बदलता चालू लागली. पण तिला दिसणारी डिस्क आणि नेटवर्क कार्ड सॉफ्टवेअरने उभी केलेली नक्कल असते. तिच्याशी प्रत्येक व्यवहारात गेस्ट थांबतो. म्हणून एचव्हीएम गेस्टमध्ये पीव्ही ड्रायव्हर घालण्याची पद्धत पडली. केव्हीएम या दुसऱ्या हायपरव्हायझरवरचे व्हर्टआयओ ड्रायव्हर हेच काम करतात. २०१६ साली अ‍ॅमेझॉनने मुंबई रीजन उघडले, तेव्हा तिथे पीव्ही गेस्टची सोयच ठेवली नाही.

सर्वांत शहाणा प्रकार पीव्हीएचचा. यात प्रोसेसर आणि मेमरीची राखण हार्डवेअर करते, डिस्क-नेटवर्कसाठी पीव्ही मार्ग असतो आणि जुन्या यंत्राची नक्कल नसतेच. नक्कल करणारा प्रोग्राम गेला की त्यातल्या चुकांतून आत शिरण्याची वाटही बंद होते. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन हा दोष उघड झाला, तेव्हा झेनवरचे ६४ बिटी पीव्ही गेस्ट त्यातून हायपरव्हायझरची मेमरी वाचू शकत होते. एचव्हीएम आणि पीव्हीएच गेस्टना ते शक्य नव्हते. पीव्हीची सद्दी संपण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

भाड्याने घेतलेल्या लिनक्स यंत्रावर 'एलएससीपीयू' ही आज्ञा दिली की आभासीकरणाचा प्रकार दिसतो. झेनवर तिथे 'पॅरा' आले आणि यंत्र जुन्या पीव्ही पद्धतीचे निघाले, तर ते बदलून घ्यावे.