चुकाच पाठ असलेला कोडस्पेल

बोरांच्या दिवसांत मेहरूणला एका प्रोग्रामर मित्राकडे गेलो होतो. केळीच्या व्यापाऱ्यांसाठी तो हिशेबाचं ॲप लिहितो. बोलता बोलता त्याने काळ्या पडद्यावर 'कोडस्पेल' असं टाइप करून एन्टर दाबलं. पटापट ओळी उमटल्या : फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक, चुकलेला शब्द, बाण, बरोबर शब्द. त्या बाणापाशी मी थांबलो तो थांबलोच.

कोडस्पेल हे मोफत, खुलं साधन ब्राझीलच्या लुकास दे मार्की या लिनक्सवाल्याने 2010-11 च्या सुमारास पायथनमध्ये लिहिलं. कोडातल्या कॉमेंट माणसांसाठी असतात, कंपायलर त्या वाचत नाही. त्यामुळे तिथली चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. तांत्रिक मजकुरातली चूक तर कधी कायमचीच होते. वेबच्या 1996 च्या एचटीटीपी दस्तऐवजात 'रेफरर' शब्दातला एक 'आर' गळला, आणि आजही ब्राउझर तो शब्द तसाच पाठवतात.

नेहमीच्या शुद्धलेखन तपासनिसाला बरोबर शब्द पाठ असतात, बाकी सगळं त्याला चूक वाटतं. कोडात तो चालत नाही, कारण तिथे अर्धेअधिक शब्द प्रोग्रामरने घडवलेली नावं असतात आणि पानच्या पान लाल होतं. कोडस्पेलला फक्त चुका पाठ आहेत. विकिपीडियावरच्या नेहमीच्या चुकांच्या यादीपासून त्याची सुरुवात झाली. ओळखीची चूक दिसली तरच तो बोलतो. एका चुकीची दोन बरोबर रूपं निघत असतील तर दोन्ही दाखवतो, पण स्वतः बदल करत नाही. हा संयम मला फार आवडला.

मित्र कॉमेंट मराठीत लिहितो. म्हटलं, आपलीही यादी करू. 'परिक्षा'पुढे बाण आणि 'परीक्षा', 'उज्वल'पुढे 'उज्ज्वल', 'आशिर्वाद'पुढे 'आशीर्वाद'. यादी जोडून चालवलं, तर एकही चूक सापडेना. पुन्हा चालवलं, तरी तेच.

"भाऊ, हा आपला शब्दच तोडतोय," मित्र म्हणाला. तसंच होतं. पायथनच्या नेहमीच्या नियमात काना, वेलांटी, हलंत ही चिन्हं अक्षरांत मोजली जात नाहीत. 'परिक्षा'चे 'पर', 'क' आणि 'ष' असे तीन तुकडे होतात, मग यादीतला शब्द जुळणार कसा? ज्या ऱ्हस्व-दीर्घात आपण सगळ्यात जास्त चुकतो, तेच त्याच्या हातून गळत होतं. याचं मला वाईट वाटलं.

वाट निघाली. शब्द कशाला म्हणायचं, ते कोडस्पेलला वेगळं सांगता येतं. देवनागरीची सगळी चिन्हं धरून नवा नियम दिला आणि तिन्ही चुका पकडल्या गेल्या. मात्र असा नियम दिला की आपोआप दुरुस्ती बंद होते. चूक दाखवली जाते, बदल हाताने करावा लागतो.

त्या संध्याकाळी आमची यादी चाळीस शब्दांवर थांबली. वह्या तपासणारे शिक्षक आणि मुद्रितं वाचणारी माणसं ती सहज हजारावर नेतील. तुम्हाला रोज भेटणारी चूक लिहा, पुढे बाण काढा, बरोबर शब्द लिहा. एका ओळीत एकच.