21 लाख पोटे, 8 अमिनो आम्ले

नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार 33,61,292. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जिवाणूचे भारतातले प्रमाण 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात 63.5 टक्के होते. ते जिल्ह्याला लावले तर सुमारे 21 लाख 34 हजार नांदेडकरांच्या पोटात हा जिवाणू आहे. त्याच आढाव्यात नायजेरिया 87.7 टक्क्यांवर, स्वित्झर्लंड 18.9 टक्क्यांवर, जगाची बेरीज 440 कोटी. प्रमाण उतरते आहे: जगभरातल्या प्रौढांत 1990 पूर्वी 52.6 टक्के होते, 2015 ते 2022 या काळात 43.9 टक्के.

संसर्ग झालेल्यांपैकी आयुष्यभरात अल्सर होतो तो 10 ते 15 टक्क्यांना, जठराचा कॅन्सर 1 ते 3 टक्क्यांना. म्हणजे 21 लाखांपैकी 18 लाखांच्या आसपास माणसे या जिवाणूपायी विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी कधी चढणार नाहीत. संसर्ग बहुधा लहानपणी लागतो आणि औषध न घेतल्यास जन्मभर टिकतो. गोवर दोन-तीन आठवड्यांत हुसकावून लावणारी प्रतिकारशक्ती याला 60-70 वर्षे कशी चालवून घेते?

तिला तो दिसत नाही, असे नाही. रुग्णाच्या रक्तात त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी सापडतात, जठराच्या अस्तरात पांढऱ्या पेशी जमतात. फौज येते, पण काम होत नाही.

पहिले कारण जागेचे. जिवाणूच्या एकूण प्रथिनांपैकी 10 टक्क्यांपर्यंत वाटा युरिएज या एकाच विकराचा असतो. तो युरियापासून अमोनिया तयार करतो आणि अमोनिया भोवतीचे आम्ल मारतो. दुर्बीण तपासणीत हे डोळ्यांनी दिसते: अस्तराचा ज्वारीच्या दाण्याहून लहान तुकडा युरिया घातलेल्या पिवळ्या माध्यमात टाकतात आणि जिवाणू असेल तर माध्यम गुलाबी होते. (गॅसची गोळी दोन आठवडे आधी थांबवली नसेल, तर ते खोटेच पिवळे राहू शकते. रोज सकाळी उपाशीपोटी ती गोळी घेणाऱ्यांनी एवढे वाक्य लक्षात ठेवावे.) आम्ल कमी झाले की अस्तरावरचा चिकट थर पातळ होतो आणि 4 ते 7 शेपट्यांचा हा जिवाणू त्यातून पोहत खाली जातो. जर्बिल या उंदराच्या जातीवर 2004 मध्ये केलेल्या मोजणीत बहुतेक जिवाणू पेशींपासून 25 मायक्रॉनच्या आत आढळले. तिथे आम्ल पोचत नाही आणि पांढऱ्या पेशींचाही हात सहसा पोचत नाही.

दुसरे कारण धोक्याच्या घंटेचे, आणि इथले आकडे फार लहान आहेत. साल्मोनेलासारख्या जिवाणूची शेपटी दिसली की पेशीवरचा टीएलआर-5 हा ग्राहक (रिसेप्टर) घंटा वाजवतो. पायलोरीच्या शेपटीच्या प्रथिनात 510 अमिनो आम्ले आहेत. त्यांतल्या 89 ते 96 क्रमांकांच्या, म्हणजे फक्त 8 आम्लांतला, फरक इथे निर्णायक ठरतो. ग्राहक नेमका तोच भाग चाचपतो, म्हणून घंटा वाजत नाही. शेपटी मात्र तेवढीच चालते. दुसरी घंटा जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातल्या स्निग्ध रेणूची. ई-कोलायमध्ये त्याला 6 साखळ्या असतात, पायलोरीत बहुधा 4, आणि टोकाचे फॉस्फेटही हा जिवाणू छाटून टाकतो. त्यामुळे या रेणूची दाहकता ई-कोलायच्या सुमारे एक हजारांश उरते.

त्यावर वेषांतर. 80 ते 90 टक्के वाणांच्या आवरणावर लुईस गटाच्या शर्करा असतात, ज्या जठराच्या अस्तरावरही असतात. 1997 मध्ये वाचलेला पायलोरीचा जनुकसंच 16,67,867 अक्षरांचा, सुमारे 1,590 जनुकांचा. ई-कोलायच्या साधारण एक तृतीयांश. पण या शर्करा जोडणाऱ्या जनुकांत एकच अक्षर ओळीने अनेकदा येते. प्रत काढताना त्यात एखादे अक्षर कमीजास्त झाले की जनुक बंद होते किंवा चालू होते. त्यामुळे एकाच पोटात निरनिराळ्या वेषांतले जिवाणू राहतात. उरल्यासुरल्या टी-पेशींसाठी व्हॅकए हे विष आहे. ते त्यांची वाढ रोखते.

आता न जुळणारे आकडे. भारतातले 63.5 टक्के म्हणजे सुमारे 89 कोटी माणसे. त्यांतल्या 1 टक्क्याला कॅन्सर धरला आणि तो 70 वर्षांत वाटला, तर वर्षाला 1 लाख 27 हजार रुग्ण यायला हवेत. 2020 चा अंदाज 60,222 होता, म्हणजे किमान अपेक्षेच्या निम्म्याहून कमी. लोकसंख्या तरुण आहे, नोंद अपुरी आहे, हे धरूनही तफावत उरते. बार्शीची कॅन्सर नोंदणी 1987 पासून बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली 346 गावे पाहते. तिथे जठराचा कॅन्सर पुढच्या रांगेत नाही. देशात तो फार जास्त आढळतो मिझोराममधल्या ऐझॉलमध्ये. भारतातल्या जिवाणूचे कॅगए हे प्रथिन बहुधा पाश्चात्त्य धाटणीचे आहे, पूर्व आशियातल्या घातक धाटणीचे नाही. हे एक स्पष्टीकरण. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण पाश्चात्त्य धाटणीचा जिवाणू लॅटिन अमेरिकेत बराच कॅन्सर करतो.

औषधांनी हा जिवाणू जातो, पण सरळ नाही. भारतातल्या 259 नमुन्यांवरच्या 2003 च्या अभ्यासात 77.9 टक्के मेट्रोनिडॅझोलला आणि 44.7 टक्के क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देत नव्हते. घालवल्यानंतर तो परत येण्याचे प्रमाण विकसित देशांत वर्षाला 2.7 टक्के, विकसनशील देशांत 13 टक्के. यात अर्धवट मेलेला जुना संसर्ग पुन्हा उठण्याचाही वाटा आहे, पण मुद्दा राहतोच: एकदा झाला म्हणून शरीर दुसऱ्यांदा त्याला अडवत नाही.

लस अडवू शकते का? चीनच्या ग्वानयुन परगण्यात 6 ते 15 वर्षांच्या 4,464 मुलांवर तोंडावाटे देण्याच्या लसीची चाचणी झाली. निकाल 2015 मध्ये आला. पहिल्या वर्षी लस घेतलेल्यांत 14 संसर्ग, न घेतलेल्यांत 50: परिणामकारकता 71.8 टक्के. पुढच्या दोन वर्षांत ती 55 टक्क्यांच्या आसपास होती. ही सगळी मुले आधी संसर्ग नसलेली होती. आत शिरलेल्याला बाहेर काढण्याचा हिशेब त्यात नाही.

पाण्यातूनही तो पसरत असावा. विष्णुपुरीच्या जलाशयातून नांदेड शहराच्या नळांना पाणी येते, म्हणून हैदराबादच्या 500 जणांवरचा 2007 चा अभ्यास इथे उपयोगी पडतो. विहिरीचे पाणी पिणाऱ्यांत संसर्ग 92 टक्के, नळाचे पिणाऱ्यांत 74.8 टक्के. फरक 17.2 अंकांचा. पण संसर्ग घरातल्या मोठ्यांकडून मुलांकडेही जातो, आणि तिथे नळ कामाला येत नाही.