तम्मूज-आवमधली बाग : तोडणी हीच निगा

तम्मूज आणि आव हे इस्रायलमधले ऐन उन्हाळ्याचे महिने. कोकणात याच दिवसांत पाऊस कोसळत असतो आणि झाडाच्या आळ्यात साचलेले पाणी बाहेर कसे काढावे ही काळजी असते. इथे उलट. बिरड्याचा रोजा येऊन जातो तरी आभाळात ढग नसतो. पण आपली भेंडी, दुधी, कारली आणि मोगरा ही उष्ण प्रदेशातलीच झाडे. पाणी मिळाले की ती याच उन्हात भरभरून येतात. अंगणात वाफा असो की मिर्पेसेतवर चार कुंड्या, सध्या मुख्य काम एकच : वेळेवर तोडणे.

झाडाची सारी धडपड बी तयार करण्यासाठी असते. एक-दोन भेंड्या जून होऊन आत बी भरू लागले की झाडाची ताकद तिकडे जाते आणि नवी फुले कमी येतात. आपण कोवळे फळ काढले की ते पुन्हा फुलते. म्हणून भेंडी एक दिवसाआड तोडावी. फुलल्यापासून ४ ते ६ दिवस ती कोवळी असते. टोक कटकन मोडले तर कोवळी, नुसते वाकले तर जून. तिची लव हाताला खाजते, म्हणून हातमोजे घालावे. दुधीच्या सालीत नख सहज रुतले की तो काढावा. कारले पिवळे पडायच्या आत उतरवावे.

वेल फुलतो पण दुधी धरत नाही, अशी तक्रार पुष्कळांची असते. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या परतलेल्या असतात. लांब देठाचे नर फूल तोडून, ज्या फुलामागे इवलासा दुधी दिसतो त्या मादी फुलाच्या मध्यभागी त्याचे पराग हलकेच लावावेत. टोमॅटोची फुले मात्र कडक उन्हाने गळतात. झाड उपटू नये. सावली आणि पाणी मिळाले तर उष्मा उतरल्यावर ते पुन्हा धरते.

फुलझाडांनाही हाच नियम. झेंडूची सुकलेली फुले खुडावीत. मोगऱ्याचा एक बहर संपला की शेंडे थोडे छाटावेत, नव्या फुटीवर कळ्या येतात. सब्जाचे तुरे खुडत राहिले तर पाला भरपूर येतो आणि मलिद्याच्या ताटाला घरची सुवासिक डहाळी मिळते. कढीपत्त्याची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर बहुधा लोह कमी पडते. इथल्या चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. अशा मातीसाठी मिळणारे लोहाचे खत पाण्यातून द्यावे.

पाणी पहाटे द्यावे. ठिबक नळी असेल तर उत्तमच. बेर-शेवाजवळच्या हात्झेरीम किबुत्झमध्ये १९६५ साली ठिबकचा कारखाना निघाला आणि आज ही नळी घराघरांतल्या बागेत पोचली आहे. बुंध्याभोवती २-३ इंच पालापाचोळा पसरला की ओल टिकते. कुंडीत बोट पेराएवढे खुपसून पाहावे, कोरडे लागले तरच पाणी. उन्हात पडलेल्या नळीतले पहिले पाणी कढत असते. ते झाडाला न घालता बादलीत धरावे.

आणि झाडांआधी आपली निगा. सकाळी सातच्या आत काम आटपावे, डोक्यावर टोपी असावी, स्टुलावर बसून तोडावे. तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यावे. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी त्यांना विचारून घ्यावे. शरावच्या दिवशी एक तोडणी चुकली तर बिघडत नाही.

शेवटी एक अपवाद. सगळी फळे तोडली तरी चांगल्या जोमाच्या झाडावरची दोन-तीन फळे दोरा बांधून राखावीत. हे हंगामाच्या उत्तरार्धात करावे, म्हणजे झाड लवकर थांबत नाही. भेंडी झाडावरच वाळून तपकिरी झाली की बी काढावे आणि सावलीत सुकवून कागदी पाकिटात ठेवावे. दुकानातल्या संकरित वाणाचे बी मात्र तसेच उगवेल याची खात्री नसते. जुने गावठी बीच राखावे.

पाकिटावर नाव दोन्ही भाषांत लिहावे : भेंडी आणि बामिया. बामिया बाजारात सगळ्यांनाच मिळते. भेंडी हे नाव आणि ती कधी तोडायची हे नातवंडांना सांगणारे आपणच आहोत. नव्याच्या सणाला मुले घरी येतील, तेव्हा भाजीच्या डब्याबरोबर ते पाकीटही त्यांच्या हाती द्यावे आणि पुढच्या वसंतात एक बी त्यांच्याकडूनच पेरून घ्यावे.