चेकावरील अंक आणि त्यांचे बहुरूपी

घरोघरीं कपाटाच्या कप्प्यांत एखादें तरी चेकबुक असतें. त्यांतील कोणत्याही चेकाच्या खालच्या कडेस, पांढऱ्या पट्ट्यावर, विचित्र वळणाचे काळे अंक छापलेले वाचकांनीं पाहिले असतील. कोणाचा पाय जाड, कोणाची एकच बाजू फुगलेली, कोणी अगदींच सडपातळ. जागा मात्र प्रत्येकास सारखीच. सुंदर अक्षराच्या आपल्या कल्पनेंत हें वळण बसत नाहीं. तथापि या बेढब अंकांचा वृत्तांत मोठा बोधप्रद असल्यामुळें तो येथें थोडक्यांत देण्याचें आम्ही योजिलें आहे.

१९५० च्या सुमारास अमेरिकेंत चेकांचा प्रसार इतका वाढला कीं, ते हातांनीं निवडून खात्यांत उतरविणें बँकांस जड जाऊं लागलें. कॅलिफोर्नियांतील बँक ऑफ अमेरिकेनें हें काम स्टॅन्फर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे सोंपविलें. तोंपर्यंत तेथें खातीं नांवांच्या वर्णक्रमानें लावीत. आतां यंत्राच्या सोयीसाठीं खात्यांस क्रमांक देण्यांत आले. १९५५ मध्यें तें यंत्र लोकांस दाखविलें गेलें, आणि १९५८ मध्यें अमेरिकन बँकांच्या संघटनेनें ‘ई-१३बी’ हें अंकवळण मान्य केलें. विचारांत घेतलेल्या नमुन्यांपैकीं हा पांचवा, म्हणून ‘ई’; त्याची ही दुसरी आवृत्ति, म्हणून ‘बी’; आणि ज्या चौकटींवर अंक बेतले, त्यांतील एका घराची बाजू इंचाच्या तेरा सहस्रांश, म्हणून ‘१३’.

या वळणाचें मर्म शाईंत आहे. तींत आयर्न ऑक्साइडची, म्हणजे लोखंडाच्या गंजाच्याच जातीची, बारीक पूड असते. चेक यंत्रांतून धांवतांना प्रथम ही शाई चुंबकित होते, आणि मग एकेक अंक वाचकयंत्राच्या तोंडाखालून जातो. उभी रेघ लागली कीं शाई एकदम वाढते, संपली कीं कमी होते, आणि या चढउतारानें विजेचा लहानसा तरंग उठतो. दहाही अंकांचे तरंग परस्परांहून स्पष्ट निराळे उमटावे, एवढ्याचसाठीं कोठें पाय जाड केला, कोठें बाजू फुगविली. प्रत्येकास अष्टमांश इंचाची जागा नेमून दिल्यामुळें एक अंक कोठें संपला व दुसरा कोठें लागला, याविषयीं संशय राहत नाहीं. सारांश, यंत्र हे अंक पाहत नाहीं. अंधळ्यानें बोटांनीं चांचपून ओळखावें, तसें तें ओळखतें. वर साध्या शाईचा शिक्का पडला तरी त्यामुळेंच त्याची फसगत सहसा होत नाहीं.

आपल्या देशांतील बँकांनींही पुढें हेंच वळण स्वीकारिलें. चेकावरील नऊ अंकी संकेतांत पहिले तीन अंक शहराचे, पुढील तीन बँकेचे व शेवटचे तीन शाखेचे असतात. मुंबईच्या चेकावर ४०० व पुण्याच्या चेकावर ४११ हे अंक वाचकांस सहज सांपडतील. २००८ मध्यें दिल्लीपासून चेकाऐवजीं त्याचें चित्र व हे अंक पाठविण्याची पद्धति सुरू झाली. चित्र स्वच्छ उमटावें म्हणून त्या पट्ट्यावर सही, मजकूर किंवा टांचणी येऊं न देण्याची दक्षता घरांतील सर्वांनीं घ्यावी.

येथवर सर्व कांहीं सकारण होतें. पुढें मात्र गंमत झाली. मूळ वळणांत दहा अंक व चार खुणा एवढींच चौदा चिन्हें. परंतु त्यांच्या रूपाची मोहिनी चित्रकारांस पडली. १९६० नंतरच्या दशकांत लंडनच्या लिओ मॅग्ज यांनीं ‘वेस्टमिन्स्टर’ हा, व १९७० मध्यें बॉब न्यूमन यांनीं लेट्रासेट कंपनीसाठीं ‘डेटा ७०’ हा टाइप त्याच धर्तीवर काढला. आतां संपूर्ण रोमन वर्णमाला त्या फुगवट्यांनीं नटली. परंतु बँकेचें यंत्र यांतील एकही अक्षर जाणत नाहीं! पेशवाई पगडी चढविलेल्या नटानें रंगभूमी गाजवावी, पण त्याच्या सहीनें सनद निघूं नये, त्यांतलाच हा प्रकार होय.

म्हणून हे बहुरूपी टाकाऊ, असें आमचें म्हणणें नाहीं. त्या काळीं ते भावी युगाचे सूचक वाटले. आज तेच गेल्या काळाची आठवण करून देतात, आणि खेळाच्या किंवा नाटकाच्या मथळ्यावर चार शब्दांपुरते शोभूनही दिसतात. प्रश्न आहे तो औचित्याचा. क्षेमेंद्रानें औचित्यास काव्याचें जीवित मानिलें. अक्षरकलेसही तें तितकेंच लागू आहे. औषधाच्या वेळा, प्रवासाचें वेळापत्रक किंवा घरांतील वृद्धांनीं वाचावयाची सूचना अशा टाइपांत छापणें म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांस विनाकारण शिक्षा करणें होय.

देवनागरीच्या बाबतींत तर अधिकच जपावयास हवें. आपल्या लिपींत ‘र’ अंग चोरून उभा राहतो, तर ‘क्ष’ ऐसपैस बसतो. दोघांस समान रुंदी दिली, तर एकाच्या माथ्यावर रेघ उगाच ताणावी लागते आणि दुसऱ्याचा जीव कोंडतो.

हल्लीं संगणकामुळें शेंकडों वळणें मुलांच्या हाताशीं आलीं आहेत, व घरांतील निमंत्रणें, फलक आणि अंक तींच सजवितात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र एखादें वळण निवडतांना, हें कोणासाठीं घडलें आणि आपला मजकूर कोणी वाचावयाचा आहे, असे दोन प्रश्न त्यांनीं स्वतःस विचारावे. चेकावरील अंक बेढब असूनही आदरास पात्र ठरतात, कारण ज्याच्यासाठीं ते घडले, त्यास ते तत्काळ कळतात.